सयाजीराव वादळ बघायला निघाले

कसब्या बावड्यात पाणी बघणारे पुष्कळ आहेत, पण पाणी कळणारा एकच, असं सयाजीराव उलप्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं आणि ते त्यांनी कुणापासून लपवून ठेवलेलं नव्हतं.

बाहेरगावच्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागतं. इतर शहरांत पूर आला की लोक पाण्यापासून लांब पळतात. कोल्हापुरात लोक आधी पाणी बघून येतात, आणि मग पळायचं की कसं ते ठरवतात. पंचगंगा पात्राबाहेर पडली की माणसं पोरांना कानटोप्या घालतात, घरी आलेल्या पाहुण्यांना सोबत घेतात आणि पाण्यावर जातात. तिथं भाजलेलं कणीस खातात, पाण्याकडं बोट करतात, "गेल्या बारीला ह्याच्यापेक्षा जास्त हुतं," असं म्हणतात आणि घरी येतात. ज्यांच्या घरात पाणी शिरलेलं असतं तेसुद्धा सामान माळ्यावर टाकून एक चक्कर मारतात. कारण घरातलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांत बघण्यासारखं बाहेरचंच असतं.

सयाजीरावांची वडापची जीप होती. वडाप म्हणजे ज्या गाडीत कायद्यानं नऊ माणसं बसतात आणि प्रत्यक्षात हवा सोडून सगळं बसतं ती. बावडा ते शिये फाटा ही त्यांची लाईन. पुरात रस्ता बुडाला की लाईन बंद, आणि लाईन बंद झाली की सयाजीराव मोकळे. मग ते राजाराम बंधाऱ्याजवळ छत्री घेऊन उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाण्याचा स्वभाव सांगत. "आत्ता फुगलंय, पर ह्यात दम न्हाय. पन्हाळ्याकडं उघडलंय. दुपारपत्तोर उतरंल." पाणी दुपारपर्यंत उतरलं तर लोक त्यांच्याकडं आदरानं बघत. नाही उतरलं तर सयाजीराव पाण्याकडं नाराजीनं बघत.

त्यांच्या बायकोनं, चिमणाबाईंनी, लग्न झाल्यापासून एकही पूर चुकवला नव्हता. खरं म्हणजे त्यांना चुकवू दिला गेला नव्हता. त्यांना हवा होता समुद्र. लग्नाच्या बोलणीतच त्यांचे वडील म्हणाले होते, "पोरीला समुद्र बघायची लै हौस हाय." त्यावर सयाजीराव सगळ्या बैठकीदेखत म्हणाले होते, "त्यात काय? पाणीच न्हवं? दाखवू की."

तेव्हापासून समुद्र राहिला. उन्हाळ्यात लग्नसराईचं वडाप, पावसाळ्यात पूर, हिवाळ्यात ऊसतोडीची माणसं. विषय निघाला की सयाजीराव म्हणत, "आगं, समुद्र कुटं पळून चाललाय?" हे भूगोलाच्या दृष्टीनं बिनतोड होतं. मात्र एक गोष्ट ते सांगत नसत. समुद्र त्यांनीही पाहिलेला नव्हता. एकदा वऱ्हाड घेऊन रत्नागिरीला गेले होते, तेव्हा ते मंगल कार्यालयाच्या मागं जीपमध्ये झोपले आणि उठले तेव्हा निघायची वेळ झालेली. परत आल्यावर कुणीतरी विचारलं, "समुद्र बघितलासा काय?" आणि पाण्यातल्या जाणकाराला शोभेल असं उत्तर त्यांच्या तोंडून निघून गेलं. पुढं ते टिकवणं आलं.

असं बरंच चाललं असतं, पण यंदा मे महिन्यात चिमणाबाईंच्या धाकट्या भावानं, अमरसिंहानं, नवी गाडी घेतली. तिचं छत उघडत होतं. ते कशासाठी उघडतं हे अमरसिंहालाही माहीत नव्हतं, पण तो बावड्यात आला तो छत उघडूनच आला.

"दाजी," तो चहा पिता पिता म्हणाला, "आक्काला म्या समुद्र दाखवून आणतो. मालवणकडं खोल्या ठरवल्यात. तुमी काय धंदा सोडून येणार न्हाय."

"मला टाइम न्हाय, असं कोण म्हटलं?" सयाजीराव म्हणाले.

"मी म्हटलं," चिमणाबाई आतून म्हणाल्या. "आन् लगीन झाल्यापासून म्हणतीया."

त्यांनी वाळूत घालायला रबरी चपला आणल्या, पिशवी भरली आणि दाराशी ठेवली. सयाजीराव येता-जाता त्या पिशवीला अडखळत राहिले. बायकोला समुद्र दिसेल याचं त्यांना काही नव्हतं. तो मेव्हण्याच्या गाडीतनं दिसेल, याचं होतं. बैठकीतला शब्द मेव्हण्यानं पुरा करायचा, आणि तोही छत उघडून!

आणि मग अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला.

ही बातमी पहिल्यांदा टीव्हीवर आली तेव्हा चिमणाबाई निर्धास्त होत्या. कमी दाब त्यांना नळाच्या पाण्यामुळं चांगला माहीत होता; त्यानं घागरसुद्धा भरत नसे. पण हा पट्टा वेगळा निघाला. दुसऱ्या दिवशी त्याची बढती झाली, तिसऱ्या दिवशी तो चक्रीवादळ झाला, मग तीव्र, मग अतितीव्र. पोलीस खात्यात शिपायाचा फौजदार व्हायला जन्म जातो. इथं आठवड्याच्या आत काम झालं होतं. वादळाला कुठल्यातरी लांबच्या देशानं नाव ठेवलेलं होतं, ते बावड्यात कुणाच्या जिभेवर बसेना. सगळे त्याला नुसतं 'त्ये' म्हणू लागले. "त्ये गोव्याच्या वर आलंय म्हणं."

अमरसिंहाचा फोन आला. खोल्या रद्द. चिमणाबाईंनी पिशवीतल्या चपला काढल्या, कागदात गुंडाळल्या आणि फळीवर ठेवल्या.  सयाजीरावांना आनंद झाला होता, पण फळीवरच्या त्या पुडक्यापुढं तो नीट साजरा करता येईना. ते टीव्हीपुढं बसले. टीव्हीवरची बाई सांगत होती: वारे ताशी सव्वाशे किलोमीटरनं वाहतील. लाटा दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी केल्यासारख्या उसळतील. भरतीच्या वेळी पाणी वस्तीत शिरेल. पत्रे उडतील, झाडं आणि विजेचे खांब पडतील, घाटात दरडी कोसळतील. नागरिकांनी किनाऱ्यावर जाऊ नये.

सयाजीराव ताठ बसले. आजवर ज्या पाण्याकडं जाऊ नये असं सरकारनं सांगितलं होतं, ते प्रत्येक पाणी बघण्यासारखं निघालं होतं.

"चिमणे," ते म्हणाले, "चपला काढ. उद्या सकाळी जायाचं. अमरसिंह काय, नुसता समुद्र दाखवणार हुता. मी पूर आलेला समुद्र दाखवतो."

चिमणाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही हे त्यांना दिसत होतं. पण ते बऱ्याच वर्षांनी योग्य दिशेला गेलं होतं. त्यांनी चपला काढल्या.

बातमी लेकीला कळली. संयोगिता पुण्यात नोकरीला. तिचा फोन आला तोच वरच्या पट्टीत. "पप्पा, ते चक्रीवादळ आहे! लोकांना तिथून हलवतायत!"

"मग जागा असंल की गाडी लावायला."

"पप्पा, माणसं उडून जातात!"

"आमी वडापात जातूय. आमच्या गाडीतनं माणूस उतरायला बगितलं तरी निघत न्हाय, उडतंय कुटलं?"

जीपमध्ये तिसरे होते चन्नाप्पा. त्यांचं बावड्यात भडंगाचं, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांचं दुकान. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि उधारीवाल्याशी दोन्ही. पूर बघायला आलेली माणसं भडंग खातात हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. "वादळ म्हंजे जत्रा भरणार," असं म्हणून त्यांनी भडंगाची दोन पोती मागं टाकली आणि त्यांच्यावर स्वतः बसले.

गगनबावड्यापर्यंत सगळं ठीक होतं. घाट उतरायला लागल्यावर समोरून गाड्या दिसू लागल्या. टेम्पो, कार, सामान भरलेल्या रिक्षा, एका ट्रकवर चक्क होडी. सगळ्या वर येत होत्या. खाली जाणारी जीप एकच होती.

"सयाजीराव," चन्नाप्पा पोत्यावरून म्हणाले, "सगळी परत निघाल्यात की वो."

"लौकर बघून झालं असंल त्यांचं."

"वादळ तर रातीला हाय म्हणत हुते."

"मग जागा धरून बसूया."

घाटाच्या पायथ्याला पोलिसानं अडवलं. "कुठं?" सयाजीरावांनी सवयीनं सांगितलं, "पावण्याकडं." वडापाच्या धंद्यात हे उत्तर सगळीकडं चालतं. पोलिसानं जीपमधल्या पोत्यांकडं पाहिलं, मदतीचं धान्य असावं असं समजला आणि त्यानं सोडलं. वर सलामही केला. चन्नाप्पांनी तो पोत्यावरूनच स्वीकारला.

देवगडच्या अलीकडचं ते एक लहान गाव. गावात शिरले तेव्हा आभाळ पितळी झालं होतं आणि माड एका बाजूला झुकून कसलीतरी वाट बघितल्यासारखे उभे होते. समुद्राचा आवाज येत होता. चिमणाबाईंनी चपला बदलल्या. तेवढ्यात चौकात एक माणूस दोन्ही हात पसरून जीपसमोर उभा राहिला. गावचे पोलीस पाटील, पुंडलिक सारंग. डोक्याला टॉवेल, हातात शिट्टी, घसा बसलेला.

"खंयसून इलात?"

"कोल्हापूर."

"काय काम?"

सयाजीराव खोटं बोलायच्या तयारीत होते, पण चिमणाबाईच बोलल्या. "वादळ बगायला."

सारंगांनी जीपकडं पाहिलं, चपलांकडं पाहिलं, पोत्यांकडं पाहिलं. त्या माणसानं दोन दिवसांत बरंच सहन केलं असावं, कारण तो चिडला नाही. तो फक्त पुढं आला आणि त्यानं जीपच्या पत्र्यावर थाप मारली.

"किती माणसां बसतत?"

हा प्रश्न सयाजीरावांना उभ्या आयुष्यात कुणी इतक्या आपुलकीनं विचारला नव्हता. "तुमची किती हाईत?" ते म्हणाले.

माणसं पुष्कळ होती. खालच्या वाडीत, समुद्राला लागून, म्हाताऱ्या, पोरं, बोचकी, कोंबड्या. गावचा एकुलता टेम्पो बंद पडलेला, सरकारी बस यायची होती ती कुठंतरी पडलेल्या झाडामागं उभी. सगळ्यांना वर सड्यावरच्या, कातळाच्या माळावरच्या शाळेत न्यायचं होतं, तेही वारा वाढायच्या आत. सारंगांनी चिमणाबाईंना, आणि दोन पोरांच्या डोक्यावर देऊन भडंगाच्या पोत्यांना, आधी शाळेत पाठवलं. "थंय बायकांका हाताक मदत होयत." चिमणाबाई जाताना नवऱ्याला म्हणाल्या, "समुद्राचं काय?"

"तू नगं काळजी करू. दोघं मिळूनच बघायचा. माझ्याआदी बघायचा न्हाय."

हे बोलल्यावर सयाजीरावांच्या लक्षात आलं की हा शब्द त्यांच्यावरही येऊन पडला आहे. खालच्या वाडीचा रस्ता सरळ किनाऱ्याला भिडत होता. शेवटच्या घरापुढं सुरूच्या झाडांत फट होती, आणि त्या फटीत जे काही होतं ते समुद्राशिवाय दुसरं काही असणं शक्य नव्हतं. चिमणाबाईच्या आधी बघितला तर तिला ते तोंडावरून कळेल. तिला नेहमीच कळायचं. आणि मग बैठकीतल्या शब्दाचं जे उरलंय तेही गेलं.

सयाजीरावांनी जीप उलटी फिरवली आणि शेवटचा तुकडा मागं मागं घेत नेली, नजर गावाकडं ठेवून. आरसा कानासारखा मुडपून टाकला. मागं उभं राहून पत्र्यावर थापा मारायचं काम चन्नाप्पांकडं.

"येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं... अय्योऽ शिवने!"

"काय झालं? भिंत हाय?"

"भिंत न्हाय वो, समुद्र! केवढा ह्यो..."

"गप बसा! सांगू नगा!" सयाजीराव ओरडले. मॅचचा निकाल आधी ऐकायचा नसलेला माणूस ओरडतो तसे.

"पर नुसतं पांढरं पांढरं..."

"चन्नाप्पा! आईच्यान सांगतो, इतंच उतरवीन!"

पहिल्या खेपेला सारंगांनी सहा म्हाताऱ्या आणल्या. सयाजीरावांनी त्यांच्याकडं अपमान झाल्यासारखं पाहिलं. "एवडीच? बाकीची कवा?" मग त्यांनी आपली विद्या दाखवली. तुम्ही आडवं बसा, तुम्ही हिच्या पुढ्यात, पोरं मांडीवर, मांडीवरच्या पोराच्या मांडीवर कोंबडी. "जरा सरका की आज्जी." "खंय सरकू? माजो घोव पण कदी इतको चिकटान बसूक नाय!" म्हातारी म्हणाली, आणि अख्खी जीप हसली. हसताना माणसं जराशी आकसतात, तेवढ्यात सयाजीरावांनी आणखी दोघी आत घातल्या. मागच्या फळीवर चौघं, टपावर बोचकी. सारंग बघतच राहिले. कायद्याचा माणूस असल्यामुळं त्यांनी थोड्या वेळानं मान दुसरीकडं वळवली.

खेपा झाल्या. वारा वाढत गेला. कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा रस्त्यावरून चालत जाणाऱ्या माणसासारखा निघून गेला. एक नारळ जीपच्या बॉनेटवर पडला आणि त्यानं बॉनेटला कायमची खळी पाडली. शेवटच्या खेपेला मागच्या चाकांखाली पाणी होतं. सयाजीरावांनी खाली बघून एवढंच ओळखलं की हे चढतं पाणी आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते कुणाला थांबून समजावून सांगितलं नाही. जीप पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि निघाले.

शाळेत पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. वर्गांत माणसं दाटलेली, चुलीवर पिठलं, आणि चिमणाबाई डावाच्या टोकानं कोकणातल्या बायकांना हुकूम सोडत होत्या. "एवढुसं तिखट? ह्यानं काय हुतंय? घाला की!" बायका भीतभीत घालत होत्या. चन्नाप्पांचं भडंग संध्याकाळपर्यंत संपलं. विकलं नाही, एका पोरानं मागितलं, त्याला दिलं, आणि मग उरलेल्या पोरांना नाही म्हणायला कन्नडमध्येही शब्द सापडेना.

रात्री 'त्ये' आलं. शाळेची दारं बाकं लावून धरली होती. बाहेर काहीतरी मोडत होतं, काहीतरी उडत होतं, आणि सगळ्याच्या खाली एकच जाड आवाज होता. वीज गेली, फोन गेले. सयाजीराव भिंतीला टेकून बसले होते. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "ह्या कधी उतरतला?" पाण्याचा जाणकार म्हणून त्यांचं उत्तर तयार असायचं. आज ते म्हणाले, "आज्जी, ह्यातलं मला काय कळत न्हाय." बोलल्यावर त्यांना बरं वाटलं आणि झोप लागली.

वादळाचा मध्य समुद्रातूनच वर सरकून गेला, असं सकाळी सारंगांच्या रेडिओनं सांगितलं. गावाला त्याचा नुसता पदर लागला होता. पदरानं खालच्या वाडीतली तीन घरं बसवली, शेवटच्या घराची पुढची भिंत नेली आणि सुरूची अर्धी झाडं आडवी केली. माणूस एकही गेला नाही. सारंगांनी सयाजीरावांना चहा आणून दिला आणि म्हणाले, "घाटात दरड पडली हा. दोन दिस ऱ्हवा हंयच." आभार मानण्याची ती त्यांची पद्धत असावी, कारण चहात साखर दुप्पट होती.

सयाजीरावांनी चहा संपवला, केस नीट केले आणि चुलीपाशी गेले. बैठकीतला शब्द पुरा करायची वेळ आली होती. आवाज जरा मोठा काढला, चार माणसांनी ऐकावा म्हणून.

"चिमणे, चल. आता दाखवतो तुला."

"काय?"

"समुद्र."

चिमणाबाई भांडं घासता घासता थांबल्या. "मी बगितला की."

"कवा?"

"काल दुपारीच. पाण्याच्या टाकीचं झाकण उडंल म्हणून दगड ठेवायला गच्चीवर गेलतो आमी बायका. गच्चीवरनं सगळा दिसतोय. ह्या टोकापासनं त्या टोकापत्तोर."

सयाजीराव उभेच राहिले. बॉनेटवर नारळ पडला तेव्हाही त्यांचा चेहरा इतका आत गेला नव्हता. "तुला सांगितलंतं न्हवं, माझ्याआदी बघायचा न्हाय म्हणून? मी दिवसभर गाडी उलटी चालवली! आरसा मुडपला! चन्नाप्पाला गप बसवला!"

"चन्नाप्पाला?" चिमणाबाईंनी भांडं खाली ठेवलं. नवऱ्याचं तोंड त्यांनी नीट न्याहाळलं, पत्त्यातलं पान उलटून बघावं तसं. "म्हंजे तुमी अजून बगितलाच न्हाई व्हय?"

सयाजीराव शर्टाचं बटण चाचपू लागले.

"अजून म्हंजे... कवाच न्हाई? रत्नागिरीला गेलतासा तवा?"

सयाजीरावांनी चुलीकडं पाहिलं. चुलीनं काही मदत केली नाही.

चिमणाबाई हसल्या नाहीत. हसणं त्यांनी पुढच्या कित्येक वर्षांसाठी राखून ठेवलं असावं. त्यांनी ओले हात पदराला पुसले. तेवढ्यात सारंगांच्या फोनला रेंज आली आणि पहिला फोन आला तो अमरसिंहाचा. सगळीकडं विचारत विचारत त्यानं नंबर मिळवला होता. तो इतका ओरडत होता की फोन कानाला लावायची गरज नव्हती. "आक्का! दाजीला काय येड लागलंय काय? हाईस न्हवं नीट?"

"हाय की."

"समुद्र बगितलास?"

सयाजीराव जमिनीकडं बघू लागले.

"बगितला," चिमणाबाई म्हणाल्या. "ह्यांच्याच गाडीतनं आले न्हवं? ह्यांच्यामुळंच बगितला. तू ठेव आता, आमाला काम हाय."

फोन देऊन टाकून त्या जिन्याकडं निघाल्या. दोन पायऱ्या चढून मागं वळल्या. "चला. दाखवते तुमास्नी."

गच्ची ओली होती, पानांनी भरलेली. सयाजीराव कठड्यापर्यंत गेले आणि त्यांनी बघितलं. पाणी मातकट होतं, अजून रागात होतं, आणि ते डावीकडं संपत नव्हतं, उजवीकडं संपत नव्हतं. पुलावर उभं राहून बघायची सवय झालेल्या डोळ्यांनी त्यांनी समोर शोधलं. कुठं झाडांची रांग, कुठं देवळाचा कळस, कुठं विजेचा खांब.

"पल्याडचा काठ कुटाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाय," चिमणाबाई म्हणाल्या. कालच आलेल्या असल्या तरी इथल्या जुन्या रहिवाशासारखा त्यांचा स्वर होता. "मी बी काल लै हुडकला. न्हायच."

"मग ह्यो थांबतोय कुटं?"

"मला काय म्हाईत? पाण्यातलं तुमाला कळतंय."

 सयाजीराव पानं बाजूला सारून खाली बसले, आणि त्यांनी बायकोला शेजारी जागा केली. वडापात करतात तशी, जेमतेम एका माणसाची.